टप

केतकीची खोली अकरा बाय नऊ.
ती बंगळुरूला गेली तसं तिचं कपाट बाल्कनीत सरकलं
आणि पोवई नाक्यावरून रिक्षात, आमच्या मांडीवर बसून,
सात स्पीकर गोडोलीला आले.
आठवा तो जड ठोकळा, घुमणारा.
तो ह्यांनी एकट्यानं जिन्यावरून चढवला,
कुणाला हात लावू दिला नाही.

मी शाळेतून फळ्यावरचा लाकडी कोनमापक आणला,
रजिस्टरमध्ये सही करून. गवंड्याकडून ओळंबा.
सोफ्याच्या मधोमध पाण्याची बाटली उभी केली,
तिच्या गळ्याला सुतळी,
फरशीवर खडूच्या रेघा:
पुढचे दोघे तीस अंशांवर,
बाजूचे एकशे दहावर,
बसलेल्या माणसाच्या कानाच्या जरासे वर.
कोनाची बाजू कितीही वाढवता येते,
असं नववी ब ला दर वर्षी सांगते.
इथे भिंतच संपते.
डावीकडे एकशे दहाला दार आहे.

छताच्या दोघांना तर पंख्यानं अडवलं.
फिरती पाती आवाज चिरून खाली टाकतात,
असं ह्यांचं म्हणणं.
तौफिक ड्रिल घेऊन शिडीवर कधीचा उभा,
"मॅडम, नक्की कुठं?"
स्लॅबला भोक पडलं की खोडरबर नाही.

तेवढ्यात मामंजी आले, भिंतीला तळवा लावत.
बत्तीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग,
सातारा–बामणोली, मुक्कामी.
उजवा कान खिडकीनं खाल्ला:
वारा, समोरच्याचा हॉर्न, यवतेश्वरची वळणं.
त्यांच्याशी बोलायचं तर डावीकडून जायचं,
हे आमच्या घरातलं पहिलं प्रमेय.

रेघा ओलांडत ओलांडत ते बाटलीच्या जागी बसले.
बाटली मांडीवर घेतली.
"घंटी मागनं येती," म्हणाले.
"पण कंडक्टर उभा असतोय, बसलेला नसतोय.
मागचे वर घ्या वीतभर.
इंजिन डावीकडं, गुडघ्यापाशी,
तो ठोकळा तिथं.
आणि टप..."
थांबले. वर बघितलं.
"टपावरचं कधी टाळूवर ऐकू येत नाही.
जरा पुढं येतं. हितं."
कपाळावर बोट, टिळ्याच्या जागी.
"उतारावर फणसाचं पोतं सरकलं की आधी हितं कळायचं.
कोंबड्यांची पाटी मागं बांधली असली तरी हितंच."

तौफिकनं कानामागची पेन्सिल काढली.
पंख्याच्या पुढे दीड फूट, दोन खुणा.
मी मधून ओळंबा सोडला.
तो मामंजींच्या कपाळापासून चार बोटं पुढे
हलत राहिला, मग थांबला.
दारापुढे मी पंधरा अंश सोडून दिले.
पेपर तपासताना एवढे सोडत नाही.

रात्री चाचणीचं हेलिकॉप्टर लावलं.
ते डावीकडून उठलं, पाठीमागून गेलं,
वर आलं (मामंजींची मान वर),
उजवीकडे वळलं,
आणि त्यांच्यापुरतं विझलं.
"कुठं उतरलं?"
हे रिमोट घेऊन उजवा वाढवत गेले,
तीन, पाच, आठ.
खिडकीची काच थरथरायला लागली,
माझे दात.
मामंजी तसेच, मान वर करून,
उतरायची वाट बघत.

दारावरची बेल वाजली. एकदाच.
शेजारच्या बर्गे वहिनी.
"सिंगल," मामंजी म्हणाले. "थांबवा."

आता तिथे सात वाजता बातम्या लागतात.
बातम्यांना मधला एकटाच बोलतो,
बाकीचे सहा नुसते ऐकतात.
उजवा आहे तिथेच आहे, अंशा-अंशानं मोजून ठेवलेला.
कोनमापक सोमवारी परत केला,
खडू मात्र फरशीवरून पुरता गेला नाही.

कधी दुपारी घरात कुणी नसलं
की मी त्या जागी बसते,
हेलिकॉप्टर लावते,
आणि ते वळायच्या जरा आधी
उजव्या कानावर तळवा ठेवते.